लेणे: निवारा की दागिना?

१/
मराठीत ‘लेणे’ या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत. डोंगरात कोरलेले शैलगृह म्हणजे लेणे आणि अंगावरचा दागिना म्हणजेही लेणे. पहिला शब्द पाली-प्राकृतातील ‘लेण’ वरून आला. त्याचा अर्थ आसरा, निवारा. दुसऱ्याचे नाते दागिना ‘लेणे’, म्हणजे अंगावर धारण करणे, या क्रियापदाशी आहे. दोन्ही एकाच रूपात येऊन मिळाले हा भाषेतला योगायोग. पण कार्ले किंवा अजिंठ्याच्या दारात उभे राहिले की हा योगायोग प्रश्न बनतो. घरदार सोडलेल्या भिक्षूंचा निवारा इतका दागिन्यांनी का मढवला गेला? या थ्रेडमध्ये त्याच प्रश्नाचा माग काढू.

२/
नेहमी ऐकू येणारे उत्तर सोपे आहे. मूळ बौद्ध धर्म साधा होता. पुढे राजे आणि सावकार आले, मूर्ती आल्या, चित्रे आली आणि साधना मागे पडली. ‘हीनयान म्हणजे साधी लेणी, महायान म्हणजे नटलेली लेणी’ ही पाठांतरासाठी सोयीची विभागणीही याच समजुतीवर उभी आहे. या उत्तरात तथ्याचा अंश आहे. मात्र ग्रंथ, दगड आणि शिलालेख एकत्र वाचले तर चित्र बरेच गुंतागुंतीचे आणि अधिक माणसांचे दिसते.

३/
आरंभ साधेपणापासूनच करू. भिक्षुसंघात उपसंपदा घेणाऱ्याला चार ‘निश्रय’ सांगितले जात, म्हणजे आयुष्य ज्यांच्या आधारावर काढायचे अशा चार गोष्टी. भिक्षेत मिळेल ते अन्न. टाकून दिलेल्या चिंध्यांचे वस्त्र, ज्याला पांसुकूल म्हणत. झाडाच्या बुंध्याशी वस्ती. आणि औषध म्हणून गोमूत्र. याहून अधिक जे मिळेल ते ‘अतिरिक्त लाभ’ समजायचे. त्या अतिरिक्त लाभांच्या यादीत राहण्याच्या जागांचे पाच प्रकार येतात आणि त्यांतला एक आहे ‘गुहा’. या पाचही जागांना विनयपिटकातील चुल्लवग्गात मिळून शब्द वापरला आहे तो ‘लेण’. लेण्याचा जन्म असा सवलतीच्या कलमातून झाला.

४/
ही सवलत मिळाली कशी याची कथाही चुल्लवग्गातच आहे. राजगृहातील एका श्रेष्ठीने पहाटे भिक्षूंना रानातून, झाडाखालून, डोंगरकपारीतून, स्मशानातून उठून येताना पाहिले. त्यांचे शांत चालणे त्याच्या मनात भरले. ‘मी निवारा बांधला तर राहाल का?’ असे त्याने विचारले. बुद्धांनी अनुज्ञा दिली आणि श्रेष्ठीने एका दिवसात ६० विहार उभे केले. कथेतला क्रम लक्षात घ्या. निवाऱ्याची मागणी भिक्षूंकडून आलेली नाही. गृहस्थाला त्यांचा साधेपणा भावला, म्हणून त्याला काहीतरी द्यावेसे वाटले. साधेपणानेच दान ओढून आणले. पुढच्या हजार वर्षांचा पेच या छोट्या प्रसंगात बीजरूपाने आहे.

५/
साधेपणा सक्तीचा करावा का, हा वादही संघात फार लवकर झाला. देवदत्ताने बुद्धांपुढे पाच मागण्या ठेवल्या: भिक्षूंनी जन्मभर अरण्यातच राहावे, भिक्षेवरच जगावे, चिंध्याच नेसाव्यात, झाडाखालीच झोपावे आणि मासे-मांस मुळीच खाऊ नये. बुद्धांनी यांची सक्ती नाकारली. ज्याला अरण्यात राहायचे त्याने अरण्यात राहावे, ज्याला गावाजवळ राहायचे त्याने गावाजवळ राहावे, असा त्यांचा पवित्रा होता. परंपरेने देवदत्ताला संघभेद करणारा ठरवले. कठोर साधेपणाला आदर होता, पण त्याचा हुकूम निघाला नाही. मध्यम मार्गाचा हा एक व्यावहारिक अर्थ होता.

६/
आता चित्रांकडे. चुल्लवग्गातच आणखी एक प्रसंग येतो. ‘षड्वर्गीय’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खोडकर भिक्षूंच्या गटाने विहारात स्त्री-पुरुषांच्या आकृती रंगवून घेतल्या. पाहायला आलेल्या लोकांनी कुरकुर केली की हे तर भोगी गृहस्थांच्या घरासारखे झाले. यावर नियम झाला: स्त्री-पुरुषांच्या आकृती नकोत, फुलांच्या माळा, वेली, असे नक्षीकाम चालेल. भिंतींना पांढरा, काळा आणि गेरूचा लाल रंग देण्यासही मुभा होती. सजावट संपूर्ण निषिद्ध नव्हती. रेषा कुठे ओढायची, एवढाच प्रश्न होता. आणि ती ओढताना ज्यांच्या दानावर संघ जगत होता त्या लोकांच्या नजरेचाही विचार झाला.

७/
महापरिनिब्बानसुत्तात या रेषेची वेगळी बाजू दिसते. कुशिनारा येथे अंतिम शय्येवर असताना अकाली फुललेल्या शालवृक्षांची फुले बुद्धांच्या देहावर गळत होती. तेव्हा ते आनंदाला सांगतात की तथागताचा खरा सन्मान फुलांनी होत नाही. धम्माप्रमाणे वागणारा तो सन्मान करतो. पुढे देहावशेषांचे काय करावे असे आनंद विचारतो. उत्तराचा आशय असा: तुम्ही त्या पूजेत गुंतू नका, स्वतःच्या कल्याणासाठी झटा, श्रद्धावान गृहस्थ ते काम करतील. त्याच वेळी चौरस्त्यावर स्तूप उभारावा असेही सांगितले आहे. म्हणजे पूजा हवी, स्तूप हवा. पण ते काम गृहस्थाचे आणि साधना भिक्षूची. कागदावर विभागणी अशी स्वच्छ आहे. सह्याद्रीत ती तशीच उतरली का?

८/
उत्तर शोधायला भाज्याच्या लेण्यात जाऊ. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील हे चैत्यगृह ‘साध्या’ बौद्ध कलेचा नमुना मानले जाते. आत २७ अष्टकोनी खांब आहेत, किंचित आतल्या बाजूला कललेले, शिरोभागी कसलेही शिल्प नसलेले. मध्ये निराभरण स्तूप. छताला मूळ लाकडी फासळ्या अजून आहेत. बाहेरच्या अंगाला थेरांचे १४ स्मारकस्तूप दाटीने उभे आहेत. पाहताना मन निवते हे खरे. पण दर्शनी भागाचे लाकूडकाम केव्हाच नष्ट झाले आहे. आपण पाहतो तो साधेपणा काही अंशी काळाने केलेला आहे. शिवाय इथल्याच एका विहाराच्या ओसरीत रथारूढ आणि गजारूढ पुरुषांची प्रसिद्ध शिल्पे आहेत. साधा चैत्य आणि बोलक्या भिंती एकाच डोंगरात नांदत होत्या.

९/
भाज्यापासून इंद्रायणीचे खोरे ओलांडले की समोर कार्ले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील हे चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब आणि १४ मीटर उंच आहे. खांबांच्या माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांवर बसलेली जोडपी. दर्शनी भिंतीवर पुरुषभर उंचीची स्त्री-पुरुषांची युगुले, दागिन्यांनी लवलेली, देहाचा कसलाही संकोच नसलेली. विनयाने नको म्हटलेल्या आकृती थेट दारावर उभ्या आहेत. आणि हा ‘हीनयान’ म्हटला जाणारा काळ आहे. त्याच भिंतीवरच्या बुद्धमूर्ती नंतरच्या शतकांत कोरल्या गेल्या. अजिंठ्याच्या क्रमांक ९ आणि १० मधील सर्वांत जुनी चित्रेही पहिल्या टप्प्यातीलच आहेत. ‘आधी साधे, मग नटलेले’ हा क्रम इथे टिकत नाही.

१०/
हा दागिना कोणी घडवला? कार्ल्याचे शिलालेख याचे उत्तर नावानिशी देतात. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीचा, भूतपाल श्रेष्ठी हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचे अभिमानाने सांगतो. त्याखेरीज खांबांवर वेगवेगळी नावे आहेत. धेनुकाकट या गावचे अनेक दाते, त्यांत स्वतःला यवन म्हणवणारेही. सिंहदत्त नावाचा गांधी, म्हणजे अत्तरे व सुगंधी द्रव्ये विकणारा, एका दाराचा दाता आहे. तर सामी नावाच्या सुताराने एका दाराचे काम केले आहे. भव्य वास्तू एका राजाने एकहाती उभारलेली नाही. ज्याला खांब परवडला त्याने खांब दिला, ज्याला दार परवडले त्याने दार.

११/
याच दात्यांत सोपाऱ्याचा सातिमित आहे. तो धम्मुत्तरीय निकायाचा भाणक होता, म्हणजे सूत्रे मुखोद्गत ठेवून म्हणणारा. त्याने एक खांब दिला. कोडी नावाच्या भिक्षुणीने वेदिकेचे दान दिले. लेखात तिची ओळख ‘घुणिकाची आई’ अशीही दिली आहे. इथे ग्रंथातली स्वच्छ विभागणी कोलमडते. पूजेत न गुंतण्याचा उपदेश ज्यांना होता तेच पूजास्थानाचे दाते आहेत, आणि घर सोडलेल्या भिक्षुणीची ओळख अजून आई म्हणून कोरली जाते आहे. मुळात, दान द्यायला त्यांच्याजवळ धन कुठून आले?

१२/
ग्रेगरी शोपेन या अभ्यासकाने १९९१ साली एका गाजलेल्या निबंधात नेमका हाच प्रश्न विचारला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: एकोणिसाव्या शतकातील युरोपीय अभ्यासकांनी भारतीय बौद्ध धर्म प्रामुख्याने ग्रंथांतून समजून घेतला. ‘खरा धर्म ग्रंथात असतो, मूर्ती, अवशेष, पूजा हा नंतरचा गाळ’ ही त्यांची धारणा त्यांच्याच प्रॉटेस्टंट संस्कारांतून आलेली होती. शिलालेखांतले भिक्षू मात्र धन बाळगतात, दान देतात, आई-वडिलांसाठी पुण्य जोडतात. शोपेन यांच्या सर्व निष्कर्षांवर एकमत नाही. तरीही त्यांनी दिलेला इशारा महत्त्वाचा आहे. नियम कसे जगावे ते सांगतो; लोक कसे जगले ते नियम सांगेलच असे नाही.

१३/
व्यवहार किती पुढे गेला होता ते नाशिकच्या पांडवलेण्यांत दिसते. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. व्याज महिना शेकडा १. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज खर्चायचे. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना त्यातून प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी मिळायचे. हिशेब करून पाहा: महिन्याला २०, वर्षाला २४० आणि २० भिक्षूंचे प्रत्येकी १२ म्हणजे बरोबर २४०. एक नाणेही इकडेतिकडे नाही. चिंध्या शिवून नेसण्यापासून सुरू झालेला प्रवास व्याजाच्या वस्त्रापर्यंत आला. हे अधःपतन म्हणायचे की शेकडो माणसांच्या संस्थेची सोय?

१४/
निकाल देण्यापूर्वी भिक्षू झोपायचे कुठे ते पाहू. अजिंठ्याचे क्रमांक १२ हे पहिल्या टप्प्यातील विहार आहे. त्यात १२ खोल्या आणि प्रत्येकीत दोन दगडी ओटे. उशी दगडाची, अंथरूण दगडाचे. दारांवर चैत्यकमानींची सुंदर ओळ आहे. खोलीच्या आत काहीच नाही. ५०० वर्षांनंतरच्या क्रमांक १ च्या विहारात मंडप चित्रांनी ओसंडतो, पण त्या चित्रांमधली दारे ज्या खोल्यांत उघडतात त्या अंधाऱ्या आणि बिनसजावटीच्या आहेत. सगळा दागिना सामायिक जागेत, चैत्यात, मंडपात, गर्भगृहात. जिथे एकटे बसायचे ती खोली उघडी. विनयातील रेषा पुसली गेली असे आपण म्हणतो. खरे तर ती सरकून खोलीच्या उंबरठ्यावर येऊन थांबली होती.

१५/
अजिंठ्याच्या दुसऱ्या टप्प्यात, पाचव्या शतकात, दात्यांचे रूप पालटते. वाकाटक सम्राट हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने क्रमांक १६ चे लेणे संघाला अर्पण केले. त्याचा शिलालेख हे मुनींचे निवासस्थान म्हणतो आणि त्याच दमात खिडक्या, दारे, चित्रवीथी, अप्सरांच्या मूर्ती यांचे वर्णन करून देवेंद्राच्या प्रासादाची आठवण काढतो. शेजारच्या क्रमांक १७ चा दाता एक मांडलिक राजपुत्र. धाकटा भाऊ रविसांब याच्या मृत्यूने व्याकुळ होऊन तो दानधर्माकडे वळला असे त्याचा लेख सांगतो. कार्ल्याला एका वास्तूत अनेक दाते होते. इथे एकेका लेण्यामागे एकेक घराणे आहे. दागिना आता दात्याची प्रतिष्ठाही बोलू लागला होता.

१६/
तरीही चित्रांचे विषय पाहा. क्रमांक १ मध्ये महाजनक जातक: राजवाडा, नर्तकी, वाद्ये, आणि हे सर्व सोडून निघालेला राजा. क्रमांक १७ मध्ये विश्वंतर जातक: हत्ती, रथ, मुले, पत्नीसुद्धा देऊन टाकणारा राजपुत्र. क्रमांक १६ मध्ये नंदाची कथा आहे. ‘मरणोन्मुख राजकन्या’ म्हणून प्रसिद्ध असलेली स्त्री त्याचीच पत्नी सुंदरी, पती भिक्षू झाल्याची वार्ता ऐकून कोसळलेली, असे अभ्यासक मानतात. वैभवाने रंगवलेल्या या भिंती वारंवार वैभव सोडण्याचीच गोष्ट सांगतात. चित्रकाराला ठाऊक होते की सोडण्याचे मोल कळायला आधी काय सोडले ते डोळ्यांत भरले पाहिजे.

१७/
चित्रांना ग्रंथाचा आधारही मिळाला होता. मूलसर्वास्तिवादी संप्रदायाच्या विनयात अनाथपिंडिक विहार रंगवण्याची अनुज्ञा मागतो आणि कुठे काय रंगवायचे याची यादीच मिळते. ओसरीत भवचक्र, रुग्णांच्या दालनात आजाऱ्याची शुश्रूषा करणारे बुद्ध, शौचकूपापाशी स्मशानाचे दृश्य. अजिंठ्याच्या क्रमांक १७ च्या ओसरीत भवचक्राचा भग्न भाग आजही आहे. पाली विनयात आकृतींना बंदी आणि या विनयात त्यांची योजना. संघात एकच मत कधीच नव्हते. पण या यादीत सजावटीसाठी सजावट कुठेही नाही. प्रत्येक भिंतीला भिक्षूच्या दिनक्रमात काहीतरी काम नेमून दिले आहे.

१८/
मग चित्रांच्या सान्निध्यात साधना कशी होई? याविषयी एक कथा याच पाचव्या शतकात, पण श्रीलंकेत, लिहिली गेली. बुद्धघोषाच्या विसुद्धिमग्गात कुरंडक नावाच्या गुहेत राहणाऱ्या चित्तगुप्त थेरांविषयी येते. त्या गुहेत सात बुद्धांच्या गृहत्यागाची देखणी चित्रे होती. पाहुणे भिक्षू ती पाहून थेरांना म्हणाले, चित्रे फार सुंदर आहेत. थेर उत्तरले की आपण ६० हून अधिक वर्षे इथे राहतो, पण चित्रे असल्याचे डोळे असणाऱ्यांकडून आज कळले. त्यांनी मान वर करून पाहिलेच नव्हते. दारातला नागवृक्ष फुलल्याचेही त्यांना जमिनीवर पडलेल्या परागावरून कळे. कथा चित्रे पुसायला सांगत नाही आणि पाहुण्यांना दोषही देत नाही. एकाच गुहेत पाहणारे आणि न पाहणारे असे दोघेही राहू शकतात, एवढे ती मान्य करते.

१९/
याच्या दुसऱ्या टोकाला अजिंठ्याचा भिक्षू बुद्धभद्र आहे. क्रमांक २६ चे चैत्यगृह त्याने कोरवले. ज्यात सुमारे ७ मीटर लांबीची महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे तेच. अश्मक राजाचा मंत्री भव्विराज याच्याशी आपला अनेक जन्मांचा स्नेह असल्याचे तो लेखात सांगतो आणि हे दान त्याच्या व आई-वडिलांच्या स्मृतीला वाहतो. त्याचा युक्तिवाद स्पष्ट आहे: जगात कीर्ती टिकते तोवर माणूस स्वर्गात आनंद भोगतो, म्हणून डोंगरात चंद्रसूर्याइतके टिकणारे स्मारक करावे. अनित्यतेची शिकवण देणाऱ्या संघातला एक भिक्षू टिकण्याच्या इच्छेचे समर्थन करतो आहे, आणि तेही देह ठेवणाऱ्या बुद्धांच्या मूर्तीच्या सान्निध्यात. आपल्याला हा अंतर्विरोध वाटतो. मित्र गमावलेल्या माणसाला कदाचित वाटला नसेल.

२०/
दागिन्याची खरी किंमत लवकरच समोर आली. हरिषेणानंतर वाकाटक सत्ता ढासळली आणि अजिंठ्याचे काम थांबले. पूर्ण झाले असते तर सर्वांत मोठ्या विहारांत गणले गेले असते असे क्रमांक २४ अर्धवट राहिले. वॉल्टर स्पिंक यांच्या मांडणीनुसार, मोठे आश्रयदाते गेल्यावर काही काळ सामान्य उपासक आणि भिक्षूंनी मिळेल त्या मोकळ्या जागेत छोट्या छोट्या बुद्धमूर्ती कोरून वा रंगवून घेतल्या. मूळ आराखड्याशी त्यांचा मेळ नाही. कुठे खांबावर, कुठे भिंतीच्या कोपऱ्यात. स्पिंक यांच्या कालगणनेवर वाद आहेत, पण या मूर्ती समोर दिसतात. अनेकांखाली ‘देयधर्म’ म्हणून शाक्यभिक्षूंची नावे आहेत. एका घराण्याच्या लेण्यात अनेकांना आपला दिवा लावायचा होता. तो त्यांना ते घराणे गेल्यावरच लावता आला.

२१/
तुलनेसाठी मुंबईजवळचे कान्हेरी पाहा. तिथे शंभराहून अधिक लेणी आहेत आणि बहुतेक अगदी लहान: एक ओसरी, बसायला बाक, एखाददुसरी खोली आणि दाराशी पाण्याची ‘पोढी’, म्हणजे टाके. कार्ल्याच्या धर्तीवरचा मोठा चैत्यही आहे, पण डोंगरभर पसरलेली वस्ती या छोट्या घरांची आहे. सोपारा आणि कल्याणच्या व्यापाऱ्यांपासून भिक्षुणींपर्यंत अनेकांनी एक खोली, एक टाके असे दान दिले. नवव्या शतकातही गौड देशाहून आलेला अविघ्नाकर नावाचा उपासक ध्यानासाठी दालने बांधून भिक्षूंच्या वस्त्रांसाठी १०० द्रम्म ठेवतो. बंदरांचे सान्निध्य हे या दीर्घायुष्याचे मोठे कारण होतेच. पण छोट्या दानांवर उभी राहिलेली वस्ती एखादे राज्य बुडाले म्हणून ओस पडत नाही, हेही तितकेच खरे.

२२/
तर मूळ प्रश्नाकडे. नटलेले मंदिर साधनेच्या आड येते का? पुरावा पाहता संघाला सौंदर्याची भीती फारशी नव्हती. गृहस्थाला दान हीच साधना होती, भिक्षुणी कोडीलाही ती होती; खांब, दार, वेदिका ही त्या साधनेची दृश्य रूपे. भिक्षूची खोली मात्र उघडीच ठेवली गेली. अडचण झाली ती दागिना कोणाच्या हाती आहे या ठिकाणी. अनेकांचे दान एका वास्तूत मिसळले तेव्हा वैभव सर्वांचे राहिले. ते एका दात्याच्या प्रतिष्ठेशी बांधले गेले तेव्हा त्याचे आयुष्य त्या दात्याच्या सत्तेएवढेच उरले. साधेपणा आणि शोभा यांचे भांडण आपण समजतो तेवढे जुने नाही. दान आणि अवलंबित्व यांचे मात्र राजगृहाच्या श्रेष्ठीइतके जुने आहे.

२३/
शेवटी, लेणी पाहायला जाल तेव्हासाठी दोन सूचना. कार्ल्याच्या चैत्यात बहुतेक जण स्तूपासमोर उभे राहून, हत्तींचे फोटो काढून परततात. तुम्ही स्तूपाच्या मागे जा. दोन्ही बाजूंचे १५-१५ खांब शिल्पांनी नटलेले आहेत. स्तूपामागचे ७ खांब मात्र निव्वळ अष्टकोनी आहेत, भाज्याच्या खांबांसारखे. आणि अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोरची गर्दी ओसरेपर्यंत थांबण्याऐवजी बाजूच्या एखाद्या खोलीच्या दारातून आत डोकावा. तिथे पाहण्यासारखे काही नाही. डोळे अंधाराला सरावायला थोडा वेळ लागतो. मग चार भिंती दिसतात आणि एका माणसाला पाय पसरता येतील एवढी जमीन. ‘लेणे’ या शब्दाचा पहिला अर्थ तो आहे.